तीन लेन्स आणि शून्यांची वही

"डोळ्यात बोट घालायला सांगितलंय, वहिनी, अख्खा हात नाही," बारक्या माझ्या कानाशी पुटपुटला.

मी त्याची वरची पापणी धरून उभी होते. तो खाली मान घालून रबराच्या इवल्याशा कपावर ठेवलेली मोठी लेन्स डोळ्याला लावत होता. ती मिठाच्या पाण्याने काठोकाठ भरून लावायची. जरा हात हलला की पाणी सांडतं, आत बुडबुडा अडकतो आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या सकाळची ही चौथी खेप.

बारक्या म्हणजे माझा धाकटा दीर. सहा फूट उंच, छत्तीस वर्षांचा. घरात एकदा नाव चिकटलं की निघत नाही. त्याचं बुबुळ मधोमध पातळ होऊन शंकूसारखं पुढे आलंय. केराटोकोनस म्हणतात. चष्म्याने भागत नाही, एका दिव्याचे सहा दिसतात. वर कडक लेन्स बसवली की सहाचा पुन्हा एक होतो. आमचे हे आणि बारक्या मिळून लेथचा कारखाना चालवतात. तिथे कातलेल्या भागात, म्हणजे जॉबमध्ये, केसाएवढा फरक पडला तरी तो फुकट जातो. डोळे गेले तर बारक्याने करायचं काय, हा प्रश्न घरात कुणी काढत नव्हतं. भाजी आणायची का, हे मात्र दिवसातून तीनदा विचारायचो.

लेन्स बसवणाऱ्या बाईंनी तीन तऱ्हा दिल्या होत्या, एकेक आठवडा वापरायला. तक्त्यावरची अक्षरं तिन्हींतून जवळपास सारखीच वाचता येत होती. तेव्हा त्या म्हणाल्या, कामावर कोणती टिकते ते लिहून आणा. वही मी ठेवली. लेन्स किती तास घातली, किती टोचली, किती जॉब बिघडले.

पहिली छोटी, नखाएवढी. घालायला सोपी, पण कारखान्यातला धुळीचा कण तिच्याखाली गेला की बारक्या मशीन बंद करून उभ्या उभ्या रडायचा. एकदा ती उडाली. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून लोखंडाच्या चुऱ्यात तिला शोधत होतो. सापडली ती यांच्या खिशाच्या काठावर. दुसऱ्या तऱ्हेत खाली मऊ लेन्स आणि वर तीच कडक. टोचणं थांबलं, पण संध्याकाळपर्यंत डोळे लालबुंद. तिसरी ही मोठी. बुबुळाला न टेकता पांढऱ्या भागावर बसते, धूळ आत जात नाही. मात्र चार तासांनी आत धुकं साचतं. मग काढा, धुवा, भरा, पुन्हा लावा.

बिघडलेल्या जॉबच्या रकान्यात तिन्ही आठवडे शून्य. आकडा हे सांगायचे, मी लिहायचे.

बारक्या जेवायला घरी आला की हे कारखान्यातच थांबायचे. डबा तिथेच खातो म्हणायचे. डबा अर्धा परत यायचा. एकदा मी चटणी द्यायला गेले, तर हे बारक्याच्या ट्रेमधले बुश, म्हणजे कातलेली छोटी लोखंडी नळकांडी, मापून चुकलेले बाजूला काढत होते आणि त्यांच्या जागी स्वतः केलेले ठेवत होते. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, चटणी तिकडे ठेव. मी ठेवली. घरी येऊन वहीत शून्य लिहिलं. शून्य काढायला सोपं असतं.

चौथ्या आठवड्यात आम्ही तिघं बाईंसमोर बसलो. त्यांनी वही दोनदा वाचली. म्हणाल्या, तिन्हींत काम बिनचूक होतंय, मग रोज एवढा खटाटोप कशाला? छोटीच करू. तिचा बुबुळावर जरा दाब दिसतोय, पण कामाला चालत असेल तर बघू. आणि मागणीचा कागद पुढे ओढला.

मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते, जणू डोळे त्यांचेच तपासायचे होते. मी घसा खाकरला, पण त्यातून खोकलाच आला. बाईंनी पाणी हवं का विचारलं. मी नको म्हणाले. पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज झाला.

बारक्याने हात पुढे करून कागद धरला.

"थांबा, मॅडम. ते शून्य खरं नाही." मग यांच्याकडे वळला, आवाज अजिबात न चढवता. "माझ्या हातचा बुश मला बोटांना कळतो, दादा. जेवून आलो की ट्रेमध्ये तुझे असतात. किती दिवस बोलायचं नाही? मला दिसत नाही. कुठल्या आठवड्यात माझे किती बदललेस, ते सांग त्यांना."