तारघरातली खुंट्यांची पेटी

मित्रांनो, तारयंत्राचं कौतुक सगळ्यांनाच. माझ्याकडे कोण बघतं? मी कल्याणच्या तारघरातली एक जुनी शिसवी पेटी आहे. विलायतेतल्या कारागिराने माझ्या पोटात तारेची वेटोळी भरली आणि माथ्यावर पितळी खुंट्या बसवल्या. मोरचूद आणि जस्ताच्या बरण्यांतून येणारी वीज कधी जोरात येते, कधी मंद. खुंटी काढली की तिचा जोर उतरतो, बसवली की चढतो. तिला शिस्त लावणं हे माझं काम, आणि ते मी वर्षानुवर्षं चोख केलं.

मग त्र्यंबकराव तारमास्तर होऊन आले. इतका दिमाखदार अडाणी मी दुसरा पाहिला नाही. खंडेनवमीला त्यांनी माझी पूजा केली. पूजेला माझी ना नाही. पण या गृहस्थांनी हौसेने एकेक खुंटी उपसून तिच्या बुडाला तेल-कुंकू माखलं! पितळ पितळेला भिडलं तरच वीज वाहते, हे त्यांना इंग्रजीतून तोंडपाठ होतं. पाठच होतं नुसतं.

दुसऱ्या दिवसापासून वीज दाखवणारी सुई नाचू लागली. मास्तरांनी बरण्या, तारा, सगळं एकदम बदललं. मग कशाने काय झालं ते कळणार कसं? मला चापट्या मारल्या. चापटीने खुंटी हले, घटकाभर वीज नीट वाही आणि मास्तर मिशीला पीळ देत. शेवटी आळ आला बरण्या भरणाऱ्या, कोपर गावच्या दौलतवर.

“खाडीचं खारं पाणी घातलंस ना रे?”

“नाय मास्तर, विहिरीचाच पानी हाय.”

“मला शिकवतोस? उद्यापासून येऊ नकोस.”

दौलत गेला. सुई नाचतच राहिली. मास्तरांना त्याचीही लाज वाटली नाही.

पुढच्याच आठवड्यात कसाऱ्याहून तार येऊ लागली. मास्तरांची बायको सुमती तिथे तारबाबू असलेल्या भावाकडे बाळंतपणाला गेली होती. ‘सुमती’ एवढं उमटलं आणि यंत्र मुकं झालं. मास्तरांनी मला थोबाडलं. ‘डॉक...’ आणि पुन्हा गप्प.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला दया आली नाही. पण त्या दिवशी प्रथमच त्यांनी डोकं वापरलं. बरण्या थेट सुईला जोडल्या, सुई स्थिर. मधे मला घेतलं, सुई नाचली. मग त्यांनी माझी खुंटी उपसली. बुडाला लाल किटण!

धोतराच्या सोग्याने खुंट्या खसाखसा पुसून त्यांनी घट्ट बसवल्या. लगेच तार बोलली: ‘डॉक्टर ताबडतोब पाठवा.’ डॉक्टर मालगाडीच्या इंजिनावर चढून गेले. सुमती वाचली. मूल मात्र हाती लागलं नाही.

पुढे मास्तरांनी दौलतला बोलावून घेतलं. “चूक माझी होती. कामावर ये.”

“तुमच्या घरचा ऐकला, मास्तर. लय वाईट झाला,” दौलत उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. “पन मी आता मिठागरावर लागलोय. तिथं पानी खारा असला तरी कोन माझ्यावर आळ घेत नाय.”

तो निघून गेला. मास्तर मान खाली घालून उभे राहिले. तेवढं त्यांना शोभलं.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, हे मी सांगायलाच नको. पण ते बिघडलं, तर दुसऱ्याच्या पोटावर पाय देण्याआधी आपण त्याला काय करून ठेवलंय, ते एकदा उघडून बघा. एवढंही जमत नसेल, तर कृपा करून आमच्या वाटेला जाऊ नका.