नन्नाचा पाढा

मित्रांनो, मी एक जुने प्रथिन आहे. चिमीच्या डाव्या डोळ्यात, पडद्याच्या एका पेशीत माझा मुक्काम असतो. आम्हा प्रथिनांचे आयुष्य फार नाही; एक झिजले की पेशी दुसरे घडवते. पण काम तेच आणि हट्टही तोच, म्हणून मी आपले 'मी'च म्हणते.

माझे काम म्हणजे नन्नाचा पाढा. 'एकीच्या दोन व्हा' असे पेशीला सांगणारी काही जनुके असतात. त्यांना जागे करणाऱ्या प्रथिनांना मी घट्ट धरून ठेवते, म्हणजे जनुके गप्प राहतात. वाढीची खरी गरज असली, की पेशीच माझ्या अंगाला फॉस्फेटचे कण चिकटवते आणि माझी पकड सुटते. काम उरकले की मी पुन्हा हजर! नाही म्हणणाऱ्याला शाबासकी कोण देणार म्हणा.

मला घडवण्याची कृती प्रत्येक पेशीत दोन प्रतींत असते, एक आईकडची, एक बाबांकडची. शेजारच्या पेशीत दोन्ही बिघडल्या. तिथे माझ्यासारखे कोणी बनेना. एकीच्या दोन, दोनाच्या चार, कशाला धरबंध उरला नाही. मी कासावीस झाले, पण माझा हात भिंतीपलीकडे पोचत नाही.

चिमीचे बाबा फोटोग्राफर. लेकीचे फोटो काढायचे, संगणकावर नीट करायचे आणि स्टुडिओत लावायचे. एका दुपारी ते असाच एक फोटो नीट करत असताना चिमीला कडेवर घेऊन आई त्यांच्या मागे उभी राहिली. डोळ्यात राहत असल्यामुळे मलाही सगळे दिसले.

"अहो, या डोळ्यात पांढरं काय चमकतंय?"

"फ्लॅश आहे गं. पुसतोच आहे."

"वाढदिवसाच्या फोटोतही होतं?"

बाबांचा हात थांबला. "होतं. तेही पुसलं मी."

"याच डोळ्यात?"

त्यांनी मूळ फोटो उघडले. प्रत्येकात तोच डोळा होता.

डॉक्टरांना त्या डोळ्याच्या पडद्यावर कर्करोगाची गाठ सापडली. "वेळेत आलात," ते म्हणाले, "डोळा वाचवायचा प्रयत्न करू." बाबा बाहेर येऊन ढसाढसा रडले. मग औषधे झाली, लेसर झाले, कितीतरी तपासण्या झाल्या. गाठ आक्रसली. डोळा राहिला, म्हणून मीही राहिले.

मित्रांनो, फोटोत एखाद्या बाळाच्या डोळ्याची बाहुली पांढरी दिसली तर घाबरू नका. दर वेळी हाच आजार असतो असे नाही. पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ती पुसूही नका.

स्टुडिओत शिरताच आता चिमीचा तोच फोटो दिसतो. परवा एक गिऱ्हाईक म्हणाले, "डोळ्यात डाग राहिलाय की हो!"

"राहिला नाही," बाबा म्हणाले. "ठेवलाय."