वंदनेनंतरची ओंजळ

“गोळ्या कोण देतं यांना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तसा देवमन खुर्चीत ताठ झाला. देणारा तोच होता. बडनेऱ्याला रेल्वेत पॉइंट्समन म्हणून, गाड्यांचे रूळ बदलत हयात घालवलेला माणूस. त्याच्याकडून वेळ चुकणं शक्यच नव्हतं. रोज बुद्धवंदना आटोपली की चहाच्या आधी बायकोच्या, सुंदराबाईच्या ओंजळीत थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी पडायचीच. दोन गोळ्यांच्या दोन वेळा केल्या की घोटाळा होतो, असं त्याचं ठाम मत.

तरी बायको दिवसेंदिवस मालवत चालली होती. चेहरा सुजलेला, बोलणं जड. एकदा तिला नातवाचं नाव आठवेना, तेव्हा त्याच्या काळजात धस्स झालं. त्यात उन्हाळाभर अकोल्याला लेकीकडे राहून आली, ती चांगली हसतखेळत. घरी परतली आणि महिन्याभरात पुन्हा तशीच. लेक माधवी फोनवर म्हणाली होती, “बाबा, तुमी आईले काई बोलता काय?” ते त्याच्या जिव्हारी लागलं. आपल्याच सोबतीत ही झुरते की काय, या भीतीनं त्याची झोप उडाली होती.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. कॅल्शियम सोबत घेतलं की थायरॉइडचं औषध अंगी लागत नाही, त्यांनी समजावलं. दोन्हींत निदान चार तास जायला हवेत. अकोल्याला बरं वाटत होतं हे कळल्यावर त्यांनी विचारलं, तिथे गोळ्या कशा घेत होत्या?

सुंदराबाईला सांगता येईना. देवमनला मात्र लख्ख आठवलं. कॅल्शियमचा डबा पिशवीत मावला नाही म्हणून घरीच राहिला होता. तो डबाही त्यानंच आणलेला, तिचे गुडघे दुखतात म्हणून, कुणाला न विचारता.

“म्हंजे मीच, मॅडम...” काही आठवड्यांत फरक पडेल, असं त्या म्हणाल्या. त्याला हायसं वाटलं आणि तेवढीच लाजही वाटली.

दुसऱ्या सकाळी वंदना झाली. सुंदराबाईनं ओंजळ पुढे केली. त्यानं तीत एकच गोळी ठेवली.

“दुसरी कुठी हाय?”

“दुपारी, जेवताना. आता तूच आपल्या हातानं घेत जाय. मले माह्या हाताचा भरोसा नाही राहिला.”

तिनं गोळी घेतली, वर पाणी प्याली. मग रिकामी ओंजळ पाहत हळूच म्हणाली, “दुपारचीबी तुमीच देजा.”

जेवणाला अजून पुष्कळ अवकाश होता. देवमन कॅल्शियमचा डबा मांडीवर घेऊन भिंतीवरच्या घड्याळासमोर बसला.