डावीकडचा दिवा

आमच्या ह्यांचं विमान उडालं तो व्हिडिओ आमच्या गोत्री भागात ज्याच्या त्याच्या फोनवर फिरला. दोन मिनिटांचा आहे. पण तो सुरू होतो विमान पळायला लागल्यावर. त्याच्या आधी काय झालं ते कुणीच विचारत नाही, आणि मला तर तेच सांगायचंय.

हे म्हणजे जगदेवराव, माझे यजमान. वय सहासष्ट. चाळिशीत हौसेनं विमान चालवायला शिकले, आणि कारखान्यातून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पार्किंगमधून माझी गाडी बाहेर हाकलली. तिथे दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. आठ वर्षं! आठ वर्षं माझी गाडी उन्हात करपतेय. शेजारच्या मोहनाबेन कंपाउंडवरून रोज गुजरातीत विचारायच्या, "संयोगिताबेन, प्लेन क्यारे उडशे?" मी म्हणायचे, "आधी माझी गाडी आत येऊ दे, मग उडशे."

भांडले मी खूप, खोटं कशाला बोलू. पण ह्या माणसाचं काम बघत उभं राहिलं की माझं तोंड आपोआप बंद व्हायचं. आता दिव्यांचंच घ्या. विमान उतरताना लावायचे दोन दिवे, एकेका पंखात एकेक. दिवसासुद्धा लावतात, म्हणजे घारी-बगळ्यांना विमान लांबून दिसतं. मला वाटलं, दिवा तो दिवा, बसवला की झालं. छे! उतरताना विमानाचं नाक थोडं वर असतं, म्हणून पुढच्या चाकाखाली विटा रचून ह्यांनी नाक तेवढंच वर केलं, सोसायटीच्या भिंतीवर खडूनं फुल्या मारल्या आणि दिवा लावून प्रकाश कुठे पडतो ते बघितलं. बोटभर खाली पडला. दिवा काढला, खाली एक पातळ वायसर घातला, परत लावला. असं चार संध्याकाळी! वॉचमन म्हणाला, "साहेब, बस ने हवे," म्हणजे पुरे की आता. हे म्हणाले, "अजून जरा."

पंखाच्या पुढच्या गोल कडेत दिव्यासाठी खोबण असते आणि तिच्यावर ॲक्रिलिकचं पारदर्शक झाकण. कडेला जसा बाक, तसाच झाकणाला. माझ्या केकच्या ओव्हनमध्ये ॲक्रिलिक मऊ करायचं आणि लाकडी साच्यावर दोघांनी चार टोकं धरून ओढायचं. ह्यांनी आणि ह्यांच्या मित्रानं, श्रीपतरावांनी, पाच शीटं वाया घालवली तेव्हा कुठे दोन झाकणं जमली. काचेसारखी स्वच्छ. मी तासभर नुसती बघत होते.

आणि त्यातलं एक मीच बिघडवलं.

खंडेनवमी होती. आमच्या घरी आजेसासऱ्यांची तलवार पाटावर येते, तिच्याशेजारी ह्यांचे पाने-पक्कड. यंदा विमान पुरं झालेलं, मग त्याची पूजा नको? चाकांना हळदकुंकू, नाकावर झेंडूची माळ, आणि हौस केवढी माझी, डाव्या दिव्याच्या झाकणावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी पुसायला गेले तर लाल डाग हटेना. लेकीची, भक्तीची, नेलपॉलिश काढायची बाटली दिसली. कापूस भिजवला आणि घासलं. बघता बघता झाकण दुधासारखं पांढरं झालं, बारीक बारीक तडे गेले.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी विमान तपासायला अधिकारी येणार होते. त्यांनी हो म्हटलं तर त्याच दिवशी पहिलं उड्डाण. ही तारीख गेली की पुढची कधी मिळेल देव जाणे, आणि विमान चालवायला लागणारा ह्यांच्या तब्येतीचा दाखला तर महिनाअखेरीस संपत होता. डॉक्टरांनी साखर आणि रक्तदाब बघून आधीच सांगून ठेवलेलं, "पुढचा दाखला धरून चालू नका." म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

आणि त्या पांढऱ्या झाकणाकडे बघताना माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? बरं झालं. आता हे उडणार नाहीत. सुखरूप घरात राहतील.

हे आले, झाकण बघितलं, अंगठा फिरवला. मी वाट बघतेय, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "दोन शीटं शिल्लक आहेत. श्रीपतराव पुण्याला लेकाकडे गेलाय. तू धरशील दुसरी बाजू?"

मी पदर खोचला आणि हातमोजे चढवले. पहिलं शीट ओव्हनमधून निघालं ते ओल्या चामड्यासारखं लोंबत. साच्यावर ओढलं, पण माझ्या बाजूनं पकड सुटली आणि मधोमध सुरकुती पडली. मग मात्र मला राहवेना. म्हटलं, "अहो, हात मुद्दाम नाही सोडला. पण एक सांगते. ते झाकण पांढरं झालं ना, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं. मला भीती वाटते हो तुमच्या जिवाची."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सुरकुतलेलं शीट बाजूला टाकलं, दुसरं ओव्हनमध्ये सरकवलं. मग म्हणाले, "हे शेवटचं आहे. घट्ट धर."

मी असं धरलं की मोज्यातून बोटं भाजली तरी सोडलं नाही. झाकण जमलं, पहिल्यापेक्षाही छान. पण माझ्या बोलण्यावर हे एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढच्या दोन दिवसांतही नाही. माझा जीव टांगणीला.

पादरा गावाच्या रस्त्यावर एका ओळखीच्यांची छोटी धावपट्टी आहे. विमान आदल्या दिवशीच ट्रकवर घालून तिथे नेलं होतं. अधिकारी सकाळीच आले, दोन तास नटबोल्ट तपासले, वह्या वाचल्या आणि म्हणाले, "ठीक आहे, घ्या उड्डाण. पण अकरानंतर वाऱ्याचा भरवसा नाही, आणि मला दुपारच्या गाडीनं परत जायचंय." साडेदहा वाजलेले.

दिवसाउजेडी आत बसलेल्याला पंखातले दिवे पेटलेत की नाही ते कळत नाही. म्हणून इंजिन चालू करून समोर लांब उभ्या असलेल्या माणसानं खूण करायची. दोन्ही दिवे नीट असले तर एक हात वर. नसले तर डोक्यावर दोन्ही हातांची फुली. ह्यांनी ते काम मला दिलं. मला!

इंजिन धडधडायला लागलं. दिवे लागले. उजवा ठीक. डावा ठीक. मी हात उचलणार, एवढ्यात डावा लुकलुकला. विझला आणि पेटला. परत स्थिर.

शेजारी तपासणीचे साहेब उभे होते. म्हणाले, "मॅडम, दोन्ही लागलेत की. करा खूण."

हात वर केला तर कुणाला काय कळणार होतं? पण आत तार ढिली आहे, आणि तो पंख घेऊन माझा माणूस वर जाणार. आणि फुली केली तर? तीन दिवसांपूर्वी ज्या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की तुम्ही उडू नये असं वाटलं, तिच्यावर कोण विश्वास ठेवेल? ह्यांना वाटेल, शेवटी हिनं डाव साधलाच. आठ वर्षं पाण्यात जातील आणि जन्मभर त्यांच्या मनात ते राहील.

मी डोक्यावर फुली केली.

साहेब म्हणाले, "अहो, काय करताय? मी बघतोय ना!"

पण इंजिन बंद झालं होतं. त्याच क्षणी. परत खूण करून बघ, असा इशारासुद्धा ह्यांनी केला नाही. दार उघडलं, खाली उतरले, आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढत लांब ढांगा टाकत माझ्याकडे आले. मी सांगायला तोंड उघडलं की मी खरंच बघितलं, शपथ घेते. ह्यांनी ते बोलूच दिलं नाही.

"डावा की उजवा?" विचारलं.

"डावा."

"माझा डावा की तुझा?"

"तुमचा," मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं. हे तोवर डाव्या पंखापाशी जाऊन स्क्रू काढायला बसले होते.