शेंदराआडचा सूर्य

मित्रांनो, बेल्याच्या शिवारात, अमृतरावांच्या विहिरीकाठी, दक्षिणेकडे तोंड करून बारा वर्षे उभा असलेला मी एक जुना सौरफलक. घरातले मला 'सोलर' म्हणतात.

सिलिकॉनच्या पातळ चकत्या हे माझे अंग. त्यांवर ऊन पडले की आतले निजलेले इलेक्ट्रॉन जागे होतात आणि एका दिशेने चालू लागतात, तीच वीज. तांब्याच्या तारेत त्यांना मोकळी वाट मिळते. तारेवरच्या प्लास्टिकात मात्र त्यांना पाऊल टाकता येत नाही, म्हणून ती वीज कुणाला दंश न करता विहिरीतल्या मोटरपर्यंत जाते. त्या पाण्यावर अमृतरावांच्या पत्नी तुळजाबाईंची वांगी आणि मेथी वाढत असे.

"सोलरबाबा, तुयामुळं बाजारात माह्या टोपल्याले मान हाय," असे त्या म्हणत, तेव्हा मला धन्य वाटे.

गेल्या दसऱ्याला नांगर, विळे यांची पूजा करून तुळजाबाई माझ्यापाशी आल्या. तेलात कालवलेल्या शेंदराने त्यांनी माझ्या आणि माझ्या सात भावंडांच्या काचेवर भरगच्च स्वस्तिके रेखाटली, पाचही बोटांचे ठसे उमटवले. एवढा आदर मला कधी लाभला नव्हता. परंतु दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि तो मला अर्धाच दिसला.

तेलावर धूळ बसत गेली. आमच्या चकत्या हातात हात गुंफून रांगेने उभ्या असतात. एकीवर सावली पडली तरी साऱ्या रांगेचा प्रवाह रोडावतो. पाण्याची धार करंगळीएवढी झाली. समोर वांग्यांनी माना टाकल्या, आणि मी भर उन्हात उभा राहून उन्हासाठी तळमळत राहिलो.

"म्हातारं झालं हे," अमृतराव एके सकाळी म्हणाले. "भंगारवाल्याले बोलावलं मी."

"अन् माही मेथी?"

"लाव आता तांब्यानं पाणी!"

त्यांची नात उत्कर्षा आदिलाबादच्या कॉलेजातून सुटीला आली होती. तिने माझ्याकडे निरखून पाहिले. "आजी, देव मानतं अन् देवाचेच डोळे झाकतं व? काच पुसून पाह्य."

"शेंदूर पुसू? पाप लागन ना!"

"मेथी वाळली तं कोणाले लागन?"

तुळजाबाई माझ्यासमोर आल्या. मग त्यांनी हात जोडले. "माफ कर, बाबा." काच अजून थंड होती. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने त्या एकेक बोट, एकेक रेघ पुसत गेल्या. आठही काचा उजळल्या तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. ते माझ्या अंगात शिरले, आणि विहिरीतून मोटरची घरघर ऐकू आली. पाटात पाणी खळखळले.

अमृतराव धावत आले. "पोरी, भंगारवाल्याले फोन लाव. म्हण, आमचं म्हातारं अजून कामाचं हाय!"

"कोणतं म्हातारं?" तुळजाबाईंनी अमृतरावांकडे पाहत हसून विचारले.

मित्रांनो, तुमची भक्ती मला प्रिय आहे. दसऱ्याला अवश्य या. टिळा माझ्या लोखंडी पायांना लावा. माझ्या मुखावर मात्र केवळ सूर्याचाच हात फिरू द्या.