माझ्यावर कधीच न बसलेल्या बानूबाई

मित्रांनो, तुम्ही मला नवी समजाल. माझी सीट फाटलेली नाही, पाय डुगडुगत नाहीत, लाल रेक्झिन अजून चकाकतं. पण मी एक जुनी घडीची खुर्ची आहे, चांगली पंचवीसेक वर्षांची. मग इतकी कोरी कशी? तर माझ्यावर कधी कोणी बसलंच नाही. ही काय मिरवायची गोष्ट झाली?

सणसवाडीच्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. मला वेल्डिंग करणारा बन्सी म्हणाला होता, "शंभर किलोचा गडी बसला तरी ही हूं की चूं करायची न्हाई." त्या एका कौतुकावर मी किती वर्षं काढली म्हणून सांगू!

१९९९ साली शिरूरच्या एका संशोधन केंद्रात आम्ही आठ बहिणी आलो. तिथे रक्तदाबाच्या नव्या गोळीची चाचणी चालली होती. आसपासच्या गावांतल्या शंभरेक बाया-माणसांना गोळी द्यायची आणि ती लागू पडते का ते बघायचं. चाचणीवर देखरेख करायला समिती होती. तिच्यात गोळी घेणाऱ्यांपैकीही एक जण हवाच, असा चांगला नियम होता. म्हणून सात खुर्च्या बाकीच्या सभासदांना आणि आठवी, म्हणजे मी, त्या माणसाला. माझ्या पाठीवर चिठ्ठी डकवली, 'रुग्ण प्रतिनिधी'. मी हरखून गेले.

पहिल्या मीटिंगला नर्स ललिताताई गोळी घेणाऱ्या बानूबाईंना दारापर्यंत घेऊन आल्या. साठीच्या बाई, तरुणपणी मेंढरांमागे मुलूख फिरलेल्या. "मावशी, तुम्ही आता आमच्या मेंबर. बायांचं काय म्हणणं असेल ते बिनधास्त सांगा," एवढं सांगून ताई गावात रक्त तपासायला निघून गेल्या.

बानूबाई आत आल्या. समोर सभासदांत त्यांच्याच गावचे मानकरी जयसिंगआप्पा बसलेले. बाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दुसऱ्या टोकानं मला पुसलं आणि माझ्या पायाशी खाली बसल्या. चहा देणाऱ्या पार्वतीबाई कुजबुजल्या, "अगं, वर बस की."

"आप्पांच्या बरोबरीनं? न्हाई बया."

कारकून सत्यजीतनं टेबलापलीकडून विचारलं, "रुग्ण प्रतिनिधी?" बानूबाई गप्प. त्यांना 'मेंबर' सांगितलेलं. हे दुसरं नावही आपलंच, हे त्यांना काय ठाऊक? सत्यजीतला मी रिकामी दिसले. त्यानं लिहिलं, 'गैरहजर'. आप्पांना वाटलं, बाई बीपी दाखवायला आली असेल. अहो, मला तोंड असतं तर मी किंचाळले असते!

दुसऱ्या महिन्यात तेच. मीटिंगभर त्यांचा हात माझ्या पायावर असायचा. माणसाचा तेवढाच काय तो स्पर्श मला मिळाला.

तिसऱ्या वेळी त्यांनी धीर केला. "सायब, सकाळच्या पारी गोळी घेतली की खुरपताना घेरी येती. बाया गोळ्या डब्यात टाकत्यात. जेवून मग घेतली तर चालंल का?"

समितीचे प्रमुख, मोठे डॉक्टर, वाईट नव्हते हो. मायेनंच म्हणाले, "आजी, बाहेर ओपीडीत दाखवा. इथे मीटिंग चालू आहे."

त्या उठून गेल्या. तीनदा गैरहजर म्हणून त्यांचं नाव कमी झालं, त्यांच्या जागी दुसरं कोणी नेमलं नाही. चिठ्ठी मात्र राहिली, म्हणून मलाही दर महिन्याला उघडायचे आणि मिटायचे. बहिणींच्या सीटा झिजल्या, त्यांच्यावर चहा सांडला. मी आपली सगळ्यांची तोंडं बघत उभी. इतकं एकटं वाटायचं की विचारू नका.

दोन वर्षांनी निकाल लागला, गोळी कुचकामी. अहवाल वर गेला. आठवड्याभरात, गोळी बंद झाल्याचं ऐकून बानूबाई आल्या आणि त्यांनी एक पत्र्याचा डबा माझ्यावर ठेवला. झाकण काढलं तर आत गोळ्याच गोळ्या.

"माझ्या आन् आळीतल्या अकरा बायांच्या. औषध हाय म्हणून फेकल्या न्हाईत. मीटिंगला सांगितलं व्हतं की म्या."

डॉक्टरांनी त्यांचं नाव विचारलं आणि हजेरीचं रजिस्टर मागवलं. पानं उलटून म्हणाले, "पण तुम्ही तर मीटिंगला कधी आलाच नाहीत."

"आले की! तिन्ही बारीला. हितंच, खुर्चीच्या पायाशी."

डॉक्टरांनी डब्यातल्या मूठभर गोळ्या हातात घेऊन पाहिल्या. गोळी वाईट होती की ती पोटात गेलीच नव्हती, हे आता कोण सांगणार? बाकीच्या गावांत असे किती डबे असतील? त्यांनी माझ्यावरचा डबा उचलला आणि हात जोडून म्हणाले, "बसा, बाई."

"आता कशाला?" म्हणत बानूबाई दौंडची एसटी गाठायला निघून गेल्या.

हल्ली मी स्टोअररूममध्ये भिंतीला टेकून असते. चिठ्ठी गेली, डिंकाचा डाग राहिला. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, मीटिंगा घ्याल, कोणासाठी तरी खुर्ची मांडाल. जरूर मांडा. पण ती रिकामी दिसली की लगेच गैरहजेरी लावू नका. आधी उठा, टेबलाला वळसा घाला आणि तिच्या पायाशी कोणी बसलंय का ते बघा.