हातपंपाच्या पुढे

बाघ नदीकाठच्या त्या गावात घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर एक हातपंप आहे. प्रेतयात्रेमागे निघालेल्या बायांनी तिथवर यायचं, रडायचं आणि मागे फिरायचं. असं कुठं लिहून ठेवलेलं नाही. तुमच्याही गावात असा एखादा हातपंप असेल. पंप नसेल तर चिंच असेल, नाहीतर नुसतं वळण.

बायांना मागे फिरवायचं काम पंचवीस वर्षं निर्मलाबाईंकडे होतं. नेमणूक कुणी केली नव्हती. आवाज खणखणीत, एवढीच पात्रता. दोन्ही हात पसरून त्या म्हणायच्या, "बस वो बायांनो, इथवरच." माय असो की सून, त्या हातांना ओलांडून कुणी पुढे गेली नाही.

पुढे काय असतं, ते मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. नवरा नंदलाल घाटावरून परतला की त्याला आंघोळीचं पाणी देता देता त्या विचारायच्या, "अजी, तिथं कसं असते?"

"येशीन ना एक दिवस," नंदलाल म्हणायचा, "पण आपल्या पायानं नाही." आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसायचा.

कार्तिकात, धान कापून बांध्यांमध्ये पडलेलं असताना, नंदलाल गेला. तीन वर्षं लकव्यानं खाटेवर होता. निर्मलाबाईंनी त्याला कुशीवर वळवलं, भरवलं, पुसलं. मुलगी भूमिका दर रविवारी तिरोड्याहून येऊन त्याची दाढी करायची. नंदलालचे मोठे भाऊ केशोराव रोज यायचे, पण दारातूनच विचारपूस करून जायचे. आत जायला त्यांचे पाय धजत नसत.

तिरडी हातपंपाशी आली. पुढे मुलगा प्रफुल विस्तवाचं मडकं धरून चालत होता. सवयीनं सगळ्या बाया थांबल्या. भूमिका थांबली नाही. आणि निर्मलाबाईंचा हात, पंचवीस वर्षांच्या सवयीचा हात, आपोआप आडवा झाला.

"माय, हात काढ."

"रीत आहे बाई. तिथं बाई रडली तर जीव अडकून राहते."

"परवा मी बाबाची दाढी केली. आता इथून परत जाऊ?"

निर्मलाबाईंचा हात खाली येईना.

मागून ललिता पुढे आली. पलीकडच्या बौद्ध मोहल्ल्यातली, तीस वर्षं त्यांच्या जोडीनं धानाचं रोवणं केलेली. "निर्मला, तीन वर्षं तर तूच त्याचा जीव अडकवून ठेवला होता. आता कायले भितं? आमच्याकडे बाया जातात. सासूले मी खांदा देल्ला. ती गेली, हे मले तिथं समजलं. घरी बसून नसतं समजलं. तू घरी जाऊन काय करशीन? घर धुशीन? ते काही पळून नाही जात."

पुढून केशोराव वळले. "काय लावलं आहे? बाईमाणसाले ते पाहणं झेपत नाही."

भासऱ्यांसमोर, नवऱ्याच्या या थोरल्या भावासमोर, निर्मलाबाई चाळीस वर्षांत तोंड वर करून बोलल्या नव्हत्या. आजही नजर वर झाली नाही. हातपंपाकडे पाहत त्या म्हणाल्या, "दादा, तीन वर्षं झेपलं."

केशोराव उभे राहिले. मग वळून पुन्हा चालू लागले. निर्मलाबाईंनी हात खाली घेतला.

घाट त्यांना वाटला होता तसा नव्हता. भयाण काहीच नव्हतं. संथ पाणी, पांढरी वाळू, काठावर मोहाचं झाड. प्रफुलनं अग्नी दिला. आधी काड्या चुरचुरल्या, मग ज्वाळा उठल्या आणि बघता बघता सरणापेक्षा, माणसांपेक्षा, त्या मोहापेक्षा उंच झाल्या. एवढं मोठं, एवढं उजळ काही निर्मलाबाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ज्या देहाला वळवताना त्यांचे खांदे भरून यायचे, त्याला ती आग किती अलगद उचलत होती. त्यांनी नकळत हात जोडले.

प्रत्येकानं पाच लाकडं टाकायची असतात. भूमिकेनं टाकली, ललितानं टाकली. निर्मलाबाई पुढे झाल्या तेव्हा शेजारी केशोराव होते. गावाला दरडावणारा तो माणूस लहान पोरासारखा रडत होता. चौकात मोठ्यानं बोलणारे कितीतरी जण पाठ फिरवून डोळे पुसत होते. म्हणजे पुरुष इथं येऊन रडायचे तर! आणि अडकणारा जीव म्हणे बायांच्या रडण्यानं अडकायचा.

मग धग वाढली. सगळे एकेक पाऊल मागे सरले. बाप्ये, बाया, भासरे, भावजय. जणू आगच हात पसरून म्हणाली, बस, इथवरच. सगळ्यांना सारखंच म्हणाली. थांबायची जागा ही होती, हे निर्मलाबाईंना तेव्हा कळलं. हातपंप नव्हे.

त्या हळूच बोलल्या, "पाहा जी. आपल्या पायानं आली."

फाल्गुनात सुशिलाबाईंची सासू वारली. हातपंपाशी बाया सवयीनं थांबल्या आणि निर्मलाबाईंकडे पाहू लागल्या.

"ज्याले नाही यायचं त्यानं नोको येऊ," त्या म्हणाल्या. "पण अडवणार कोणी नाही. जिनं हागणंमुतणं काढलं, तिच्या हातचं लाकूड मेलेल्याले जड नाही होत. आणि हातपंप पाण्यासाठी असते वो. चला."

सुशिलाबाईंनी पदर खोचला आणि त्या चालू लागल्या.